दारात गवा, तळघरात बिबट्या

९ डिसेंबर २०२० ची सकाळ. पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत फिरायला बाहेर पडलेल्या मंडळींना रस्त्यात एक जनावर दिसलं. लांबून पाहिलं तर म्हैसच वाटावी असं. जवळ गेल्यावर मात्र पांढरे पायमोजे चढवल्यासारखे चारही पाय, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला स्नायूंचा उंचवटा आणि टोकं आत वळलेली शिंगं दिसली. तो गवा होता. भारतात आढळणाऱ्या रानबैलांतला सर्वांत धिप्पाड प्राणी कोथरूडमध्ये, बंगल्यांच्या रांगेत उभा होता.

पुढच्या काही तासांत जे घडलं ते अनेक पुणेकरांना आजही सलतं. बातमी मोबाइलवरून पसरली आणि बघ्यांची झुंबड उडाली. गवा बिथरून गल्ल्यांतून पळू लागला. लोक त्याच्या मागे, काही पुढे, काही गच्च्यांवर. फाटकांवर, भिंतींवर आपटून त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. वन विभाग, पोलीस, अग्निशमन दल सगळे आले, पण तोवर जनावर आणि गर्दी यांच्यात मोकळी जागाच उरली नव्हती. जाळी, दोर, भुलीचे डार्ट हे सगळं होऊन त्याला गाडीत चढवलं गेलं, आणि त्याच दिवशी तो मेला.

गव्यासारखा तृणभक्षी प्राणी जिवाच्या आकांताने फार वेळ पळत राहिला, की त्याच्या शरीराचं तापमान वाढतं, स्नायूंत आम्ल साठतं, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि त्यांतली द्रव्यं रक्तात मिसळून मूत्रपिंड व हृदयावर ताण येतो. वन्यप्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य या अवस्थेला फार घाबरतात, कारण एकदा ती सुरू झाली की जनावर हातचं जातं. वरून भुलीचं औषध दिलं तर धोका वाढतो. म्हणून भुलीची बंदूक रोखण्याआधी जनावराला शांत होऊ देणं ही पहिली गरज असते, आणि भोवती गर्दी असताना ते अशक्य असतं.

तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, पुण्यात पुन्हा गवा आला. या वेळी बावधनजवळ, महामार्गालगत. वन विभागाने परिसराची नाकेबंदी केली, पोलिसांनी लोकांना लांब थोपवलं, बचाव पथकांनी कुंपण आणि झाडी यांच्यामधली एक बाजू मोकळी ठेवली आणि सगळे थांबून राहिले. कोणी पाठलाग केला नाही. काही तासांनी गवा आपल्या पायांनी जंगलाच्या बाजूला निघून गेला. शहर तेच, जनावर त्याच जातीचं, खातंही तेच. मधल्या तेरा दिवसांत बदलली ती माणसांची वागणूक.

कोथरूड आणि बावधन नकाशावर पाहिलं तर गवा तिथे पोचण्यात फार मोठं नवल उरत नाही. पुण्याच्या पश्चिमेला टेकड्या आहेत, त्यांच्या मागे मुळशी आणि ताम्हिणीकडचे डोंगर, आणि मग सह्याद्रीची मुख्य रांग. हा सगळा हिरवा पट्टा महामार्गाने आणि इमारतींनी तोडत आणला, तरी पुरता तुटलेला नाही. वयात येणारे नर कळपातून बाहेर पडून नवी जागा शोधत भटकतात. अंधारात टेकडी उतरलेल्या अशा एखाद्या नराला उजाडल्यावर चारी बाजूंनी भिंती दिसतात. गवा स्वभावाने बुजरा असला, तरी कोंडला गेला की जीवघेणा ठरू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूर शहरालगत आलेल्या गव्याने एका तरुणाचा बळी घेतला. त्यामुळे गर्दी हटवणं हे जनावराइतकंच माणसाच्या जिवासाठीही असतं.

अचानक दिसलेला प्राणी बहुतेक वेळा अचानक आलेला नसतो, हे बिबट्याच्या बाबतीत तर पुराव्यानिशी सिद्ध झालं आहे. महाराष्ट्रात हा पुरावा गोळा करण्याचं मोठं काम वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी वन विभागाच्या सोबतीने केलं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात त्यांनी शेतांच्या बांधांवर, ओढ्यांकाठी, वस्त्यांच्या वाटांवर ट्रॅप कॅमेरे लावले. तिथे घनदाट जंगल नाही, हरणांचे कळप नाहीत. ऊस आहे, टोमॅटो आहे, विहिरी आहेत, आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे होते आणि जवळपास तितकेच तरस. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव प्राण्यांचं निघालं. त्यातही शेळ्या-मेंढ्यांपेक्षा कुत्र्यांचा वाटा मोठा होता, सुमारे ३९ टक्के. पोरं ज्या वाटेने शाळेला जात, त्याच वाटेवरून रात्री बिबट्या जात होता, आणि अनेक घरांना त्याचा पत्ता नव्हता.

याच जिल्ह्यातला एक नर पुढे ‘आजोबा’ म्हणून महाराष्ट्रभर ओळखला गेला. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. वयस्क आणि शांत स्वभावाचा, म्हणून हे नाव. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. तिथून तो चालत निघाला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याच्या रेल्वे स्टेशनजवळून गेला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून वाट काढली, खाडी पोहून पार केली आणि महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटरचं अंतर कापून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. या सबंध वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. दिवसा तो झुडपात, नाल्याच्या काठाला पडून राही आणि माणसांची वर्दळ थांबली की पुढे सरके. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो गेला. त्याच्यावर २०१४ साली ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपटही आला.

आजोबाच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. बिबट्याला पकडून शंभर किलोमीटरवर नेऊन सोडलं म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत चुकीची होती. नव्या जागी त्याला ना पाणवठे ठाऊक, ना वाटा. तिथे आधीपासून राहणारे दुसरे बिबटे त्याला टिकू देत नाहीत. तो परत फिरतो किंवा वाटेत जिथे अडकेल तिथे गोंधळ घालतो. जुन्नर परिसरात आणि मुंबईत या शतकाच्या सुरुवातीला माणसांवरचे हल्ले वाढले, त्यामागे धरपकड आणि स्थलांतराचा हात असल्याचं अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं. मुंबईत २००२ ते २००४ ही वर्षं फार वाईट गेली. एकट्या जून २००४ मध्ये दहा माणसं मारली गेली. पुढे राष्ट्रीय उद्यानात बाहेरून बिबटे आणून सोडणं थांबलं, आणि २०११ पासून वन विभाग, संशोधक आणि सामान्य मुंबईकर यांनी मिळून उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये जागृतीचं काम हाती घेतलं. कचरा उचला, रात्री उघड्यावर शौचाला एकटं जाऊ नका, मुलांना अंधारात एकटं सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून पिंजऱ्याची मागणी करू नका. ऐकायला साध्या अशा या सूचनांनी हल्ले पुष्कळ कमी झाले. पुरते थांबले मात्र नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरे वसाहतीत दीड वर्षाचीही न झालेली एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्या घराला आकडेवारीने कसलाही दिलासा मिळत नाही, आणि बिबट्याच्या बाजूने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवूनच लिहायला हवं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. २०१८ च्या ट्रॅप कॅमेरा गणनेत तिथे आणि लगतच्या भागात ४७ बिबटे नोंदले गेले. दर १०० चौरस किलोमीटरला २६ हून अधिक, ही घनता जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक घनतांपैकी आहे. उद्यानात चितळ आणि सांबर आहेत, पण कडेच्या वस्त्यांतली भटकी कुत्रीही बिबट्यांच्या पोटात जातात. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंदाज मांडला होता, की हे बिबटे वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या सुमारे हजार घटना टळतात. हा अंदाजच आहे, पण शहराच्या आरोग्याचा हिशेब मांडताना बिबट्याचं नाव येऊ शकतं ही कल्पनाच त्याआधी फारशी कुणी केली नव्हती.

आदिवासींना मात्र हे शेजारपण नवं नाही. ठाणे-पालघरपासून मुंबईच्या आरेपर्यंत वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेंदूर, कधी सूर्य-चंद्र. वाघबारशीला तिथे नैवेद्य दाखवला जातो. या देवाच्या रूपात वाघ आणि बिबट्या असा भेद फारसा केला जात नाही. त्याने गुरं राखावीत, माणसांना सांभाळावं, अशी मागणी असते, आणि त्याचा मान राखला नाही तर तो कोपतो असं मानलं जातं. या श्रद्धेने हल्ले थांबतात असं कुणी म्हणणार नाही. पण पाड्यावरचा माणूस बिबट्या दिसल्यावर ओरडत पिंजरा मागायला धावत नाही, हे तिथे काम करणाऱ्या वनरक्षकांनाही जाणवतं.

शहरी नोकरदाराला बिबट्या दिसतो तो बहुधा सीसीटीव्हीच्या पडद्यावर. २० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे ठाण्यातल्या एका मॉलच्या वाहनतळात तो असा दिसला. भिंतीवरून उडी मारून तो समतानगर भागात शिरला आणि शेवटी जवळच्या हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला. भूल देऊन त्याला बाहेर काढायला सकाळचे कित्येक तास लागले. येऊरचे डोंगर तिथून फार दूर नाहीत. म्हैसूरमध्ये ३१ डिसेंबर २०२४ रोजी इन्फोसिसच्या प्रशस्त संकुलात बिबट्या वावरताना दिसला, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगण्यात आलं. ड्रोन उडवले, पिंजरे लावले, बिबट्या काही मिळाला नाही. संकुलाला लागून राखीव जंगल आहे, तो आपल्या वाटेने गेला असणार. नागपूरच्या मिहान परिसरात तर नोव्हेंबर २०१९ मध्ये पट्टेदार वाघच आला होता, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या कुंपणांपर्यंत.

आणि चंद्रपूरमध्ये वाघ अधूनमधून येत नाही, राहतो.

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. ताडोबाचं जंगल जवळ. केंद्राच्या विस्तीर्ण आवारात वापरात नसलेल्या जमिनीवर वेडी बाभूळ माजलेली, पाणी बारमाही, रानडुकरं मुबलक. भोवती कोळसा खाणी. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, ज्यांना तिथले कामगार ओबी म्हणतात, वर्षानुवर्षं तसेच पडून त्यांच्यावर झुडपी रान उगवलं आहे. वाघाला लपायला, शिकार करायला, पिल्लं वाढवायला लागणारं सगळं इथे आहे, फक्त त्याच्या मधून पाळ्यांवर जाणारे-येणारे कामगार आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळी संपवून सायकलवरून घरी परतणारा एक कामगार वीजकेंद्राच्या आवारातच वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. त्यानंतर झुडपं तोडा, दिवे लावा, वाघ पकडा, अशा मागण्या झाल्या आणि त्यांतल्या काही अमलातही आल्या. इथला प्रश्न मुंबईपेक्षा अवघड आहे. कारण बिबट्यासारखं मांजरा-कुत्र्यांवर भागवून दडून राहणं वाघाला जमत नाही आणि वीजकेंद्राची पाळी रात्री अकराला थांबवता येत नाही. कामगाराला सायकलऐवजी बसने आणणं-सोडणं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडोरा साफ ठेवणं, वावर दिसला की लगेच सूचना देणं, इतकं तरी व्यवस्थापनाने केलंच पाहिजे.

रोजच्या कामात बिबट्याची गाठ पडणारे सर्वाधिक लोक मात्र ना कार्यालयात असतात ना वीजकेंद्रात. ते उसाच्या फडात असतात.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं तसा जुन्नर, आंबेगाव, शिरूरचा पट्टा उसाने भरून गेला. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. आत सावली, गारवा, बाहेर पाटाचं पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याच्या अनेक पिढ्या आता याच उसात जन्मल्या आहेत आणि जंगल त्यांनी पाहिलेलं नाही. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू होतो, बीड आणि इतर दुष्काळी भागांतून तोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात आणि उजाडायच्या आत कोयते चालू लागतात. तोड कडेने आत सरकत जाते. उभ्या उसाचा पट्टा लहान लहान होत जातो, आणि एखाद्या सकाळी पाचट बाजूला सारताना हाताशी येतात ती दोन-तीन मऊ, लोकरीसारख्या केसांची पिल्लं. ठिपके अजून पुसट, डोळे निळसर करडे. मांजराची म्हणून कुणी उचलतं, कुणी फोटो काढतं. आई जवळपासच कुठेतरी असते, दिवसा माणसांच्या गराड्यात येऊ शकत नाही.

अशा वेळी काय करायचं, याची एक चांगली पद्धत जुन्नर वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या पशुवैद्यांनी गेल्या काही वर्षांत बसवली आहे. तोड थांबवायची. मुकादमाने वनरक्षकाला कळवायचं. पशुवैद्य येऊन पिल्लं तपासतो, अंगावरच्या गोचिडी काढतो, नर-मादी नोंदवतो, कातडीखाली ओळखीची चिप बसवतो. सूर्य मावळला, की पिल्लं जिथे सापडली त्याच जागी उघड्या क्रेटमध्ये ठेवली जातात, समोर कॅमेरा लावला जातो आणि सगळी माणसं तिथून दूर जातात. चित्रीकरणांत पुढचं सगळं पाहायला मिळतं. मादी येते, क्रेटभोवती फिरते, हुंगते, मागे जाते, पुन्हा येते. मग एका पिल्लाची मानगूट तोंडात धरून अंधारात जाते आणि थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परतते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करतात. यात प्राणीप्रेमाइतकाच व्यवहारही आहे. पिल्लं नाहीशी झालेली मादी त्याच शिवारात सैरभैर फिरत राहते, आणि त्याच शिवारात कोप्यांमध्ये माणसांची लेकरं झोपलेली असतात.

या पट्ट्यातला ताण अजून ओसरलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. गावं रस्त्यावर उतरली. दिवसा शेतीला वीज द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी त्या वेळी पुन्हा ऐकू आली, आणि ती रास्त आहे. रात्री दोन वाजता उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला बिबट्याशी जुळवून घे असं सांगणाऱ्याने आधी त्याच्या पंपाला दिवसा वीज मिळते का ते पाहावं.

मोठ्या जनावरांच्या बातम्या होतात म्हणून ती जास्त वाटतात. घरात सर्वाधिक वेळा अचानक समोर येतो तो साप. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, बेडूक आणि उंदीर घरांकडे सरकतात आणि त्यांच्या मागावर साप येतात. शहरातल्या इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर सापडणारा साप पुष्कळदा कवड्या असतो. तो बिनविषारी, खडबडीत भिंती सहज चढणारा, आणि पाली हे त्याचं आवडतं खाणं. पण त्याच्या तपकिरी अंगावर फिकट पट्टे असतात, त्यामुळे लोक त्याला मण्यार समजून ठेचतात. दोघांत फरक आहे. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे दुधी, बारीक, बहुधा जोडीजोडीने असलेले पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट राहतात. तिचं अंग चकचकीत निळसर काळं, आणि पाठीच्या मध्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग गेलेली. अर्थात हा फरक निवांत पाहायचा तो छायाचित्रात. घरात पट्टेदार साप दिसला तर खोलीचं दार लावून, फटीला कापड कोंबून सर्पमित्राला बोलवावं. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

मण्यारीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश होतो. दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे अपचन समजून वाट पाहतात आणि श्वास बंद पडेपर्यंत वेळ निघून जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळतं. पलंगावर झोपणं आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणं, या दोन सवयींनी मण्यारीचे अनेक दंश टळू शकतात.

सापाइतकं न दिसणारं, पण घरातच राहणारं आणखी एक जनावर म्हणजे उदमांजर. कोकणातल्या कौलारू घरांच्या माळ्यावर ते पूर्वीपासून असे. आता मुंबई-पुण्यात फॉल्स सीलिंगच्या वर, बंद पडलेल्या लिफ्टच्या खोलीत ते पिल्लं घालतं. रात्री डोक्यावर कुणी चालल्याचा आवाज येतो, सकाळी गच्चीवर बियांनी भरलेली विष्ठा सापडते, आणि घरातल्यांचा संशय उंदरांवर जातो. ते पपई, उंबर, माडाचा रस, शिवाय उंदीर-घुशीही खातं. पिल्लं मोठी होईपर्यंत दम धरला, आणि ती गेल्यावर भोक बुजवलं, तर कुणाचंच नुकसान होत नाही.

कधी जनावरांना शहराकडे ओढून आणणारी गोष्ट शहरानेच नकळत तयार केलेली असते. शिवडीच्या दलदलीत १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. ठाणे खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांनी तिथलं शेवाळ वाढलं, आणि लहान रोहितांचं ते मुख्य अन्न. आज जानेवारी ते मे या काळात नवी मुंबईतल्या अनेक इमारतींच्या बाल्कनीतून गुलाबी थवे दिसतात. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेलेली आहे. खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आला. पण भरतीच्या वेळी हे पक्षी ज्या पाणथळींवर येऊन थांबतात, त्या नवी मुंबईतल्या जागांवर बांधकामाचा डोळा आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरवरून जाणाऱ्या थव्याला उतरणाऱ्या विमानाची धडक बसली आणि चाळिसेक रोहित वस्तीत पडले. विश्रांतीच्या जागा हिरावल्या तर थवे अवेळी आणि भलत्या मार्गाने उडतील, हा इशारा पक्षी अभ्यासक बरेच दिवस देत आले आहेत. विमानतळांचा विचार करणाऱ्यांनीही तो मनावर घ्यायला हवा.

मोठं जनावर दिसलं की निदान त्याचं नाव ठाऊक असतं. लहान जीवांच्या बाबतीत शहरात कधी कधी तेही नसतं. आरे वसाहतीच्या नावाने ओळखला जाणारा एक विंचू आहे. ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं २०२१ मध्ये प्रथमच शास्त्रीय वर्णन झालं, आणि मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात दहशतवाद्याला पकडताना प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याचं नाव ‘इशियस तुकारामी’ ठेवलं गेलं. काही मिलिमीटरचा हा जीव भिंतीवर, कुंडीतल्या पानावर बसलेला कितीतरी जणांच्या नजरेखालून गेला असेल.

त्याच वर्षी मुंबईतून जगासमोर आलेला दुसरा जीव आणखी विलक्षण आहे. जोगेश्वरीत अंधांसाठीच्या एका संस्थेच्या आवारात सुमारे ४० फूट खोल विहीर आहे. तिच्यात एक मासा सापडला. लालसर गुलाबी, सापासारखा लांब, खवले नाहीत, पर नाहीत आणि डोळेही नाहीत. भूगर्भातल्या पाण्यात, पूर्ण अंधारात राहणारा हा वामकुळातल्यासारखा दिसणारा मासा विज्ञानाला नवा निघाला. मुंबादेवीच्या नावावरून त्याला ‘रक्तामिक्थिस मुंबा’ हे नाव मिळालं. पश्चिम घाटाच्या उत्तर भागात भूगर्भात राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशाची अशी नोंद त्याआधी नव्हती. मुंबईसारख्या शहरात, रेल्वेमार्ग आणि झोपडपट्टी आणि कारखान्यांच्या खाली, अजून असं काही जिवंत असेल ही अपेक्षा संशोधकांचीही नव्हती.

हा मासा त्या एकाच विहिरीत असण्याची शक्यता कमी आहे, कारण विहीर फक्त खिडकी, त्याचं घर खालच्या खडकातल्या भेगांत आणि पाण्याच्या पाझरांत. मुंबईत पूर्वी ठिकठिकाणी विहिरी होत्या. पुष्कळ बुजल्या, काहींवर इमारती उभ्या राहिल्या, काहींतून टँकरसाठी पाणी उपसलं जातं. ज्या उरल्या आहेत त्यांची यादी करून गाळ काढण्याच्या वेळी तिथे मत्स्यशास्त्राचा जाणकार हजर राहील अशी सोय केली, तर पुढची नोंद लवकर होईल. आणि विहिरीत उतरणाऱ्या कामगारांना या माशाचं छायाचित्र आधी दाखवून ठेवलं पाहिजे, कारण तो सर्वांत आधी दिसणार त्यांनाच.